झुबकेवालीचं अंडं

ईट, माघ वद्य सप्तमी, १९४६

आज आक्का माहेरी आली आणि नेमकं आजच खुराड्यात मऊ अंडं निघालं. कवच कांद्याच्या सालीएवढं पातळ, अंगठा टेकला तर खळगा पडला. कोंबडी आईच्या जुन्या झुबकेवालीच्या वंशातली, डोक्यावर पिसांचा तोच झुबका. बाकीच्या कोंबड्या तेच दाणे टिपतात, त्यांची अंडी टणक. म्हणजे खोट दाण्यात नाही, रक्तातच असावी.

लहानपणी कोंबड्यांचं काम आक्काकडं होतं. चुन्याचे खडे कुटून कण्यांत मिसळायचे, म्हणजे कवच पक्कं होतं, असं आई सांगायची. तरी झुबकेवालीची बहुतेक अंडी उबवायला ठेवली की फुटायची, एखादंच पिल्लू निघायचं. आई आक्कावर चिडायची. "चुना घालायचा कटाळा करतीस अन् वर खोटं बोलतीस."

एका साली शिक्षा म्हणून सोनारीच्या जत्रेला तिला नेलं नाही. मी मात्र बैलगाडीत बसून मजेत गेलो. तिच्यासाठी बांगड्या आणल्या, त्या तिनं कधी घातल्या नाहीत. मलाही आक्का खोटारडीच वाटली होती. का वाटली? ती चुना घालते का, हे मी कधी बघायला तरी गेलो होतो का?

आक्कानं अंडं तळहातावर घेतलं, खळग्यावर अंगठा ठेवला.

"चुना घालत न्हाईस व्हय रं?"

"रोज घालतो, आक्का. माझ्या हातानं."

तिनं अंडं जपून माझ्या हातात ठेवलं. मग हळूच म्हणाली, "म्या बी घालत व्हते."