डीप दख्खन चालू राहणार

११ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ६.४०
काल उल्हासचा तेरावा झाला. आज ठरवलं. डीप दख्खन बंद होणार नाही.

कोणी विचारलं तर उत्तर तयार असावं म्हणून लिहून ठेवतो. डीप दख्खन म्हणजे उल्हास आणि मी. पंधरा वर्षं. सायकेडेलिक ॲम्बियंट ट्रान्स, तंद्री लावणारं इलेक्ट्रॉनिक संगीत, त्यात जगभरचं लोकसंगीत. त्याच्याकडे लॅपटॉप, माझ्याकडे डिजेरिडू, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं फुंकायचं लांब लाकडी वाद्य. मी ते पहाडगंजला घेतलं. आम्ही दोघंही दख्खनमध्ये कधी राहिलो नाही. जन्म दिल्लीचा, शाळा पहाडगंजची मराठी. त्याने फरक पडत नाही.

काम निम्मं-निम्मं होतं. आता त्याचं निम्मं शिकून घ्यायचं. १४ डिसेंबरला फरीदाबादच्या फेस्टिव्हलमध्ये आमचा स्लॉट आहे, दुपारी चार वाजता. नऊ आठवडे आहेत. पुरेत.

सगळे विचारतात, कसे आहात. ठीक आहे. रडलो वगैरे नाही. काम पडलंय.

१२ ऑक्टोबर. दसरा
उल्हासच्या घरी गेलो. त्यांच्याकडे यंदा सण नाही, म्हणून सोनं न देता लॅपटॉप घेऊन आलो. अलकावहिनी म्हणाल्या, न्या भावजी, पण तुम्हाला ऑफिसात प्रिंट काढायलासुद्धा माणूस लागतो असं हे सांगायचे. मी म्हटलं, सरकारी प्रिंटरची गोष्ट वेगळी.

पासवर्ड इशिताने लिहून दिला. त्यांची मुलगी, चोवीस वर्षांची, नोएडात साऊंडचंच काहीतरी करते. काका, मदत लागली तर सांगा, म्हणाली. लागणार नाही, असं सांगितलं. ड्युओ म्हणजे दोघांचं काम. त्यात तिसरा कशाला?

१५ ऑक्टोबर
फेस्टिव्हलच्या अंशुमनचा फोन. आधी तीनदा सो सॉरी सर म्हणाला. मग मुद्द्यावर आला. ट्रिब्यूट करू या सर, गुडगावचा एक डीजे आहे, तो उल्हास सरांचे ट्रॅक वाजवेल, आप सामने बैठिए, चीफ गेस्ट की तरह. मी सांगितलं, पोस्टरवर ड्युओ लिहिलंय, ड्युओच वाजवेल. तो म्हणाला, पर सर, ड्युओ मतलब दो लोग. मी म्हटलं, मुझे मालूम है.

नंतर ईमेल केला. 'रेफरन्स अवर टेलिफोनिक कन्व्हर्सेशन' पासून सुरुवात, चार परिच्छेद, शेवटी 'धिस हॅज बीन डिसायडेड'. तीस वर्षं मंत्रालयात नोटिंग केलंय. अशा पत्राला कोणी उलट उत्तर देत नाही.

त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार
आज फाइली उघडल्या. एकेका फाइलीत अडतीस आडव्या पट्ट्या. प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी, तिला नाव. सगळ्यांत खाली 'दिनकर लाइव्ह'. हा माझा माइक. त्याचा आवाज शून्यावर ठेवलेला आणि शेजारचं म्यूटचं बटण दाबलेलं. दुसरी फाइल उघडली. तिथेही तसंच. २०१३ पासूनच्या सगळ्या अकरा फाइली पाहिल्या. सगळीकडे मी म्यूट.

बराच वेळ विचार केला. उल्हास व्यवस्थित माणूस होता. प्रवासाला निघताना गॅस, गीझर, नळ, सगळं स्वतः बंद करायचा. कार्यक्रम संपल्यावर माझा माइकही असाच बंद करून ठेवत असणार. बाकीच्या सदतीस पट्ट्या घाईत चालू राहिल्या.

आणखी एक सापडलं. आमच्या संगीतात खाली सतत एक घुमणारा आवाज असतो. लोक त्याच्यासाठीच यायचे. तो माझा डिजेरिडू. पण त्या पट्टीला उल्हासने नाव दिलंय 'मोटर बी ब्लॉक'. हुशार माणूस. कोणी फाइल चोरली तरी कळू नये म्हणून.

२३ ऑक्टोबर. संध्याकाळी ७.१५
दोन तास सराव. आठ वाजता थांबणार होतो, पण आत्ताच गार्ड वर आला. म्हणाला, साब, बी ब्लॉक की मोटर में हवा भर गई है, आपके यहाँ से आवाज़ आ रही है, प्लंबर को भेजूँ? सुहासिनीने दार लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. बोलली नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिला बोलावं लागत नाही.

मोटर आणि डिजेरिडू यांतला फरक कळायला कान लागतो.

२७ ऑक्टोबर, रविवार
इशिता न बोलावता आली. मी तिला 'मोटर बी ब्लॉक' ऐकवून विचारलं, बाबांनी माझा आवाज किती छान रेकॉर्ड केलाय ना. तिने परत एकदा लावून ऐकलं. मग म्हणाली, काका, हा तुमच्या सोसायटीचा पंप आहे. मी सहावीत होते. बाबांनी टाकीजवळ मला फोन धरून उभं केलं होतं, माझे हात दुखले.

मुलांना लहानपणचं नीट आठवत नाही.

जाताना म्हणाली, तुम्ही वाजवा, लॅपटॉप मी सांभाळते. मी नको म्हटलं. जरा जोरात म्हटलं असावं. सुहासिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

१ नोव्हेंबर
दिवाळी. हवा खराब. फटाके बंद असूनही वाजले. खोकला आहे. थोडा.

संकल्प: रोज पहाटे पाच ते सहा श्वासाचे व्यायाम, सहा ते सात सॉफ्टवेअर.

५ नोव्हेंबर
संकल्प उद्यापासून.

१२ नोव्हेंबर
मोठी प्रगती. स्पेसबार दाबला की संगीत सुरू होतं. पुन्हा दाबला की थांबतं. अकरा मिनिटं सलग चालवलं. उल्हास पंधरा वर्षं डोळे मिटून, मान हलवत, कपाळावर घाम आणून हेच करत होता असं दिसतं. मला काही बोलायचं नाही. गेलेला माणूस आहे.

बाराव्या मिनिटाला लॅपटॉपने अपडेट मागितला. मी हो म्हटलं. आता ऑडिओ कार्ड दिसत नाही असं सांगतोय. मला समोर दिसतंय. त्याला दिसत नाही.

१९ नोव्हेंबर
हवेच्या प्रदूषणाचा आकडा चारशे नव्वदच्या पुढे. शाळा बंद. डॉक्टर म्हणाले, महिनाभर कसलंही फुंकायचं नाही, शंखसुद्धा नाही. मी विचारलं, मास्क लावून? ते प्रिस्क्रिप्शन लिहीत राहिले. घरी येऊन मास्क लावून पाहिलं. वाजत नाही.

अंशुमनचा मेसेज: सर, तब्येत कशी आहे, डीजे अजून अव्हेलेबल आहे. उत्तर दिलं: 'नो चेंज इन पोझिशन.'

२६ नोव्हेंबर
वहिनींकडे गेलो, लॅपटॉपची वायर राहिली होती म्हणून. बाहेर उल्हासच्या चपला नव्हत्या. चांगलं झालं, उगाच अडगळ.

चहा घेताना वहिनींना सहज विचारलं, उल्हास माझ्या वादनाबद्दल घरी काय म्हणायचा. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, भावजी, खरं सांगू का? यांना स्टेजची फार भीती. पहिल्या कार्यक्रमाआधी रात्रभर ओकत होते. मग तुम्हाला सोबत घेतलं. दिनकर शेजारी असला की माझे पाय लटपटत नाहीत, म्हणायचे. मी विचारलं, आणि वादन? त्या म्हणाल्या, बिस्किट घ्या ना.

म्हणजे स्टेजवर खरा आधार मी होतो. निम्मं-निम्मं म्हणणं हा माझाच विनय.

३ डिसेंबर
घरी रंगीत तालीम. प्रेक्षक: सुहासिनी, तिची मैत्रीण मृणाल आणि वरच्या मजल्यावरचे खन्ना अंकल, वय ब्याऐंशी. स्पेसबार दाबला. लॅपटॉपच्याच बारक्या स्पीकरवर सुरू झालं. डिजेरिडू उचलताना त्याचं टोक स्पेसबारवर पडलं. थांबलं. पुन्हा दाबला. घाईत दोनदा दाबला गेला. असं सहा-सात वेळा झालं. खन्ना अंकल म्हणाले, बेटा, बीच-बीच में जो साइलेन्स है ना, वो बहुत बढ़िया है. मृणाल पर्समध्ये चावी शोधत होती. बराच वेळ शोधत होती.

सगळे गेल्यावर सुहासिनी म्हणाली, अहो, इशिताला फोन करा. मी म्हटलं, कदापि नाही. ती म्हणाली, मग मी करते.

४ डिसेंबर
इशिताला संधी द्यायचं ठरवलं. तरुण पिढीला पुढे आणायला हवं. अटी घातल्या: पोस्टरवर तिचं नाव नाही, ती फक्त उल्हासच्या जागी, डीप दख्खन तेच. ती म्हणाली, ठीक आहे काका. एवढ्या लवकर मानेल असं वाटलं नव्हतं. आणखी दोन अटी तयार होत्या.

८ डिसेंबर, रविवार
तिने सात मिनिटांत ऑडिओ कार्ड चालू केलं. मीही तेच करणार होतो.

मग मी मुख्य अट सांगितली. माझा चॅनल चालू हवा. म्यूट काढायचा, आवाज पूर्ण वर. ती स्क्रीनकडे पाहत म्हणाली, काका, नक्की? मी म्हटलं, पंधरा वर्षं वाजवतोय. ती म्हणाली, बाबांनी तुम्हाला कधी, आणि थांबली. मी विचारलं, कधी काय? म्हणाली, काही नाही, मग तुमच्यासमोर मॉनिटर स्पीकर ठेवते, स्वतःचा आवाज ऐकू येईल.

मला आजवर मॉनिटर नव्हता. उल्हास म्हणायचा, तुला गरज नाही, तू आतून ऐकतोस. पण ठेव म्हटलं. ऐकू दे सगळ्यांना. डॉक्टरांनाही आमंत्रण पाठवलंय.

१४ डिसेंबर, शनिवार. सकाळी ९.१०
ऊन पडलंय. हवा दोनशेच्या आत. खोकला नाही. निसर्गही डीप दख्खनच्या बाजूने आहे. अंशुमनने पोस्टर पाठवलं. ड्युओच लिहिलंय. मी जिंकलो.

१५ डिसेंबर, रविवार. सकाळी ११
काल काय झालं ते क्रमाने लिहितो.

चार वाजून पाच मिनिटांनी सुरुवात. तीनशे माणसं असावीत, बरीच गवतावर आडवी. डॉक्टर आले नव्हते. सुहासिनी आणि वहिनी पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. इशिताने सुरू केलं. ती डोळे मिटत नाही, घामही येत नाही, पण तिचे हात सारखे कुठेतरी जात होते, हे वर, ते खाली. स्पेसबार एकदाच दाबला. म्हणजे उल्हासही एकदाच दाबत असणार.

तिने मला खूण केली. मी फुंकलं.

मॉनिटरमधून काहीतरी आलं. मला वाटलं वायरमध्ये गडबड आहे. इशिताकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पुन्हा फुंकलं. तेच आलं. सुरात नव्हतं. तालातही नव्हतं. पुढचे आडवे झालेले दोघं-तिघं उठून बसले. मी आणखी जोर लावला, कधी कधी जोर कमी पडतो. एका बाईने मुलाच्या कानांवर हात ठेवले. वहिनी मांडीवरच्या पर्सकडे बघत बसल्या होत्या.

साधारण चार मिनिटं हे चाललं. कोणीही मला थांबवलं नाही. इशिता अट पाळत होती.

मग मी वाकून लॅपटॉपवर 'दिनकर लाइव्ह' शोधलं आणि म्यूट दाबलं. शोधायला वेळ लागला नाही.

खालचा आवाज घुमत राहिला. बी ब्लॉकचा पंपच आहे. एकदा कळलं की दुसरं काही ऐकू येत नाही. त्याच्यावर उल्हासने काय काय रचलं होतं. कुठून तरी लांबून संबळ येत होता, बायका ओव्या म्हणत होत्या, मधेच पाणी. मी इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसलो आणि माझ्याच फुंकण्यामुळे यातलं काही ऐकलं नव्हतं. वाटलं, थांबल्यावर त्याला सांगू, बरं केलंयस. उजवीकडे पाहिलं. इशिता होती.

उरलेली एकेचाळीस मिनिटं नळी तोंडाला लावून बसलो. फुंकली नाही.

टाळ्या बऱ्याच झाल्या. एक मुलगी स्टेजजवळ आली, डिजेरिडूला हात लावून म्हणाली, सर, ये जो नीचे वाला साऊंड था, हड्डियों में चला गया. आजवर अशा लोकांना मी थँक्यू म्हणत आलोय. काल म्हटलं, वो मोटर है, मयूर विहार की. ती हसली. इतना हम्बल, असं मैत्रिणीला म्हणाली.

अंशुमनने विचारलं, सर, पुढच्या वर्षी पोस्टरवर काय लिहू? मी सांगितलं, इशिता लिहा. तो म्हणाला, और डीप दख्खन? मी म्हटलं, वो दो लोगों का था. त्याने पाठीवर हात ठेवला, मग कोणीतरी हाक मारली म्हणून गेला.

आज सकाळी उठून बाहेर आलो. सुहासिनी बाल्कनीत उन्हात मटार सोलत बसली होती. मी तिला सांगितलं, उल्हास गेला.

ती म्हणाली, हो.

बऱ्याच वेळाने तिने स्टुलावर जागा केली आणि परात माझ्याकडे सरकवली. डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं, पण मटार सोलायला दिसावं लागत नाही. सोलत बसलो. पाच किलो होते.