धावपट्टीवरचा कोल्हा

१२ नोव्हेंबर, बुधवार

विमान मोडलं. मी धडधाकट आहे — आधी हेच लिहिते.

एकटीनं उतरवायची आज तिसरी वेळ. चाकं टेकली, विमान उसळलं, परत आदळलं. पुढचं चाक मोडलं, पंखा जमिनीवर घासून वाकला. ट्रेनिंगचं दोन सीटचं विमान, नाकावर पडून होतं. माझे शिकवणारे दिवाकर सर धावत आले. मले बाहेर काढलं अन् पहिलंच विचारलं, "जनावर आडवं आलं का?"

हो म्हणलं. कोल्हा.

काहीही होवो, महिनाभरात परत उडणार!

१३ नोव्हेंबर

आईनं भिलाईतल्या आमच्या अख्ख्या सेक्टरले सांगून टाकलं — कोल्ह्याले वाचवता वाचवता पोरीनं जीव धोक्यात घातला. सिविक सेंटरच्या बाजारातला मिठाईवालाही विचारून राहिला होता. बाबांनी पोलादाच्या प्लांटमध्ये तीस वर्षं क्रेन चालवली, ते जास्त बोलत नाहीत. एवढंच म्हणे, "पुन्हा बसशील ना?"

बसीन.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नत्थूकाकाले कामावरून काढलं. विमान उतरायच्या आधी जीप फिरवून धावपट्टीवरचे कुत्रे, डुकरं, कोल्हे हाकलायचे, हे त्यांचं काम. अकरा वर्षं झाली. गेटबाहेर सायकल धरून उभे होते. म्हणे, "पोरी, मी तर चारच मिनिटं आधी चक्कर मारली होती. कोठून आला तो कोल्हा?"

राग नव्हता. खरंच विचारून राहिले होते. उशीर होऊन राहिला म्हणलं अन् निघाली.

१६ नोव्हेंबर

या पानाले तरी खरं सांगते. कोल्हा होता, पण गवतात. कुंपणाजवळ, लांब. तोही विमान थांबल्यावर दिसला. माझा वेग जास्त होता. विमान उसळलं तर इंजिनाले ताकद देऊन परत वर जायचं असते — पुस्तकात आहे, पाठ आहे. मी घाबरून विमानाचं नाक खाली दाबलं. बस.

आता कुंपणाजवळ कोल्ह्यांसाठी पिंजरे लावले. काल एक मादी सापडली. जाळी चावून चावून तोंड रक्तानं भरलं तिचं.

१७ नोव्हेंबर

बाबाले सांगतलं. चहाचा कप खाली ठेवला त्यांनी. म्हणलं, आता खरं काय ते ट्रेनिंगच्या ऑफिसात लिहून देते, मग एकटीनं उडणं बंद होईल, कदाचित काढूनही टाकतील. त्यांनी पायात चपला घातल्या. मग म्हणे, "नत्थूचं घर भिलाई-३ ले आहे. आधी तिकडं जाऊ. कागद मग."

गेलो. काकांच्या बायकोनं, सिंधुताईनं, पाणी दिलं. मी उभ्यानंच बोलली, "काका, कोल्हा आडवा आला नव्हता. मी खोटं सांगतलं."

काका उठून आत गेले. सिंधुताईनं माझ्या हातातला गिलास परत घेतला. भरलेलाच.

१८ नोव्हेंबर

दिलं लिहून. दोन पानं, खाली सही. दिवाकर सर वाचता वाचता पांढरे पडले. म्हणे, "आम्रपाली, अजून फाडता येईल."

नको म्हणलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

चौकशी झाली. एकटीनं उडणं बंद, पहिल्या धड्यापासून सुरुवात. पण काढलं नाही! पिंजरे उचलले, मादी सोडून दिली. नत्थूकाका आजपासून परत जीपवर. माझ्याकडे पाहत नाहीत. दोन-चार महिने नाहीच पाहणार, मान्य आहे. रोज नमस्कार करीन.

पहिला धडा तर पहिला धडा. वही काढली.

२६ नोव्हेंबर

दिवाकर सरांनी नोकरी सोडली. जाता जाता त्यांनी ऑफिसात लिहून दिलेला कागद मले दाखवला — "उसळलेलं विमान सावरण्याचा सराव मी आम्रपालीकडून करून घेतलाच नाही. लॉगबुकात, उड्डाणांच्या नोंदवहीत, मात्र झाला म्हणून लिहिलं."

पुस्तकातलं पाठ होतं, पण विमानात बसून त्याचा असा सराव असते, हेच मले माहीत नव्हतं.