ओला काजू आणि नळ तोडणारे

९ फेब्रु., सोम.
आज पुन्हा इंजेक्शन लागलं. नेहमीची किमो आणि वर हे नवं. डॉक्टर मॅडमना म्हटलं, नुसतं 'अँटिबॉडी' म्हणून सोडू नका, नीट सांगा. बिचाऱ्या खुर्ची ओढून बसल्या. आतड्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं, पण लिव्हरमध्ये दोन गाठी निघाल्या. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती निरोप धाडून स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या काढून घेते. हे औषध तो निरोपच मधल्या मधे पकडतं. वाहिन्या फुटत नाहीत, गाठ उपाशी. आक्रसली तर मुंबईला ऑपरेशन करून काढता येईल. नाही आक्रसली तर... मॅडम तिथे थांबल्या.

ह्यांची सगळी नोकरी अलोऱ्याच्या प्रकल्प कॉलनीत पाणीपुरवठा बघण्यात गेली. एकदम खुलले. "म्हणजे चोरून जोडलेले नळ तोडायचे!" घरी येईपर्यंत रिक्षावाल्यालाही समजावून झालं.

१० फेब्रु.
काल एक लिहायचं राहिलं. मॅडम म्हणाल्या, जखम करून घेऊ नका. जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात, आणि औषधाला गाठीच्या कुठल्या नि जखमेच्या कुठल्या ते कळत नाही. ह्यांनी इतकं मनावर घेतलंय की सकाळी उठून बघते तर विळी गायब. सुया, सेफ्टी पिना, नारळ खवायची खवणी, सुपारीचा अडकित्ता, सगळं गायब.
"कुठे ठेवलंत?"
"सुरक्षित आहे."
शिवाय रोज सकाळी बीपी मोजणं. म्हणे ह्या औषधाने बीपी चढतं. औषधाने चढतं की ह्यांच्यामुळे, ते एकदा तपासून घ्यायला हवं.

१६ फेब्रु.
मासे आता हे कापतात. आज पेडवे. मला काटा लागू नये म्हणून एकेक काटा काढून दिला. पेडवा कुठला, नुसता लगदा. ह्यांच्या स्वतःच्या तीन बोटांना पट्ट्या. इं. मला, पट्ट्या ह्यांना!
शेजारची शहनाज कुंपणावरून बघत होती. नवरा कुवेतला, त्यामुळे तिचं सगळं लक्ष आमच्या स्वयंपाकघरात. "भावजी, तुमी मासा कापताव का मासा तुमाला कापतोय?" हे आत निघून गेले.

२५ फेब्रु.
शहनाजने जयगडहून, माहेराहून, ओले काजू आणले. टरफलासकट. पिशवी ओट्यावर ठेवली नि गेली. हे औषधं आणायला बाजारात. ओल्या काजूगरांची उसळ गेल्या वर्षी ऑपरेशनमुळे हुकली होती. विळी नाही, सुरी नाही, अडकित्ता नाही. दात होते. ते लपवायचं ह्यांच्या लक्षात आलं नाही.
एकच फोडला. कोकणात साठी ओलांडलेल्या बाईला काजूच्या टरफलाचा चीक कसा भाजतो हे माहीत नव्हतं असं म्हणण्याची सोय नाही.
गर गोड होता.

२६ फेब्रु.
खालचा ओठ टरारून सुजलाय, मधोमध कातडी गेलीय. शहनाज: "अगो, दातांनी फोडलास? खुळी का काय तू!" ह्यांनी माळ्यावरून विळी काढली, आणून ओट्यावर ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं.

२ मार्च, सोम.
इं.चा दिवस. मास्क लावून गेले. मॅडम म्हणाल्या, "मास्क का?" म्हटलं, जरा थंडी वाजतेय. रत्नागिरीत, मार्चमध्ये! घाम मास्कमधून गळत होता. काढायला लावला.
"हे काय?"
"काजू."
मॅडम सोलापूरच्या. त्यांना वाटलं काजू खाल्ल्याने अ‍ॅलर्जी आली. मग टरफल, चीक, दात, सगळा कबुलीजबाब. त्या हसल्या नाहीत. ओठ भरेपर्यंत अँटिबॉडी बंद. आज नुसती किमो.
रिक्षात रडू आलं. एका काजूपायी मी गाठीला रान मोकळं करून दिलं. हे म्हणाले, विळी लपवली मीच, चूक माझी. मी म्हटलं, दात माझे होते. घर येईपर्यंत दोघं भांडत होतो, चूक कुणाची म्हणून. कुणी मागे हटेना.

८ मार्च, रवि.
बुद्धविहारात गेले. वर्षभर तिथल्या सगळ्या जणी माझ्याशी आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं बोलतात. "तब्येत कशी गं आता?" तेही कानाशी येऊन. आज ओठ बघून विचारलं, सांगितलं, आणि सगळा घोळका मोठ्याने हसला. मग प्रत्येकीने आपापल्या काजूची गोष्ट काढली. एकीने तर गालावरचा लहानपणचा डाग दाखवला. किती बरं वाटलं.

१५ मार्च
ओठ भरत नाही. आणि सकाळी आरशात बघताना एकदम डोक्यात आलं: म्हणजे औषध काम करतंय! ओठाला नवी वाहिनी मिळत नाही, तर गाठीला तरी कुठून मिळणार?
तेव्हापासून पंचाईत. हे रोज चष्मा लावून ओठ बघतात आणि म्हणतात, "कडेने भरत आलाय हां!" ह्यांना आनंद, मला धसका. मी म्हणते, "कुठे? काही भरला नाहीये."

२३ मार्च, सोम.
मॅडमना सिद्धांत सांगितला. म्हणाल्या, ओठ वेगळा, गाठ वेगळी, आणि किमोनेसुद्धा जखम उशिरा भरते. अँटिबॉडी आजही नाही. विचारलं, आत नळ तुटले की नाही ते दिसण्याची काही सोय? आहे, पण अजून संशोधनात. गाठीच्या वाहिन्यांना चिकटणाऱ्या अँटिबॉडीवर किरणोत्सर्गी खूण जोडून शरीरात सोडायची, मग त्या वाहिन्या फोटोत उजळतात.
हे म्हणाले, "नळ तोडणाऱ्याच्या हातात बॅटरी!"
मॅडम पहिल्यांदा हसल्या. आपल्याला मात्र साधाच स्कॅन, कोल्हापूरला.

४ एप्रिल, शनि.
ओठ भरला. नाकारायला जागा नाही. ह्यांनी पेढे आणले, शहनाजकडे दिले. मी अर्धाच खाल्ला, उरलेला डब्यात ठेवला. औषध अंगातून गेलं. आत काय चाललं असेल?

७ एप्रिल
स्कॅन झाला. मशीनमध्ये हलायचं नाही. एवढी गप्प मी कधी पडले नव्हते. येताना आंबा घाटात हे म्हणाले, "भीती वाटते का?" म्हटलं, वाटते. "मलाही," म्हणाले. एवढंच. पण बरोबर आहेत म्हणून घाट उतरला.

१० एप्रिल, शुक्र.
मॅडमकडे. एक गाठ चांगली आक्रसलीय. दुसरी आहे तेवढीच, पण आतून काळी दिसते. काळी म्हणजे उपाशी मेलेली की नुसती सुस्त, ते स्कॅनवरून सांगता येत नाही. मुंबईचे सर्जन म्हणतात, अँटिबॉडी तशीही थांबलेली आहे, ओठ भरला म्हणजे ऑपरेशनची जखमही भरेल, आत्ता कापता येईल. किंवा औषध पुन्हा सुरू करायचं, दुसरीला अजून उपाशी ठेवायचं, आणि मग बघायचं. दोन्हीत धोका आहे. आज संध्याकाळी मॅडम फोन करतील, तोवर ठरवा.

जेवण कसंबसं झालं. ह्यांना विचारलं, काय करू या. म्हणाले, "तू म्हणशील तसं."
लग्न झाल्यापासून हे वाक्य ऐकायला कान आसुसले होते. कॉलनीतलं क्वार्टर, पडद्यांचा रंग, पोरीचं कॉलेज, कधी म्हणून ऐकलं नाही. आणि आलं ते आज. असा राग आला! म्हटलं, आज नको, आज तुम्ही सांगा.
हे बराच वेळ टेबलावरचं मेणकापड बोटाने पुसत राहिले. "मी सांगितलं आणि चुकलं तर मी राहीन कुणाजवळ?"
मी त्यांचा हात धरला. फोन दोघांच्या मधे ठेवलाय. अजून वाजला नाही.