झाकण सत्तावीस वेळा

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
वही नवी. निश्चय जुनाच: रोज लिहायचं, खरं लिहायचं.
मुलगी सोळा तारखेला जेवायला येते आहे. रविवारी, दुपारी एक वाजता. सात महिन्यांनी. बायकोने ही बातमी मला दात घासताना सांगितली, म्हणजे मला काही बोलता येऊ नये. मी मान हलवली. मला काही वाटलं नाही.
नोंदीसाठी: सात महिन्यांपूर्वी मुलीने बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये लागली. मी फक्त एक प्रश्न विचारला. कांदे चिरायला एवढं शिकवलं का? साधा प्रश्न होता, उत्तर द्यायचं आणि मोकळं व्हायचं. तिने बॅग भरली.
तेव्हापासून ती आईला फोन करते. माझ्याबद्दल विचारते ते 'त्यांची' तब्येत कशी आहे, असं.

३ मार्च, संध्याकाळ
ठरलं. सोळाला स्वयंपाक मी करणार. ही माफी वगैरे नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. स्वयंपाक म्हणजे निव्वळ शिस्त, एवढं तिला दाखवून द्यायचं आहे. बायकोला सांगितलं. तिने गॅसचा नॉब बंद आहे ना ते तपासलं.

५ मार्च, बुधवार
साधन सापडलं. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कंपनीने दिलेला स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. कपाटावर होता. आत बायकोची लोकर आणि एक अर्धा विणलेला मोजा. मोजा कुणाचा, असं विचारलं तर तिने तो लोकरीसकट उचलून नेला.
पदार्थही ठरला: लझान्या. पास्त्याच्या चपट्या शीट, टोमॅटो सॉस, व्हाइट सॉस, पालक, चीज, असे थरावर थर. कच्च्याच शीट रचायच्या, लो वर सहा तास ठेवायच्या. व्हिडिओतली बाई तीन वेळा म्हणाली की मध्ये झाकण उघडू नका. बाईंना कारखान्याचा अनुभव दिसत नाही.
मी सव्वीस वर्षं बाटल्यांच्या झाकणांच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दर पन्नासातलं एक झाकण उघडून बघायचं, लावायचं, परत उघडायचं. न बघता पुढे गेलेला माल परत येतो, हे मी नवीन पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो.

६ मार्च, गुरुवार
लझान्यासाठी तपासणीचा फॉर्म तयार केला. कंपनीच्याच धर्तीवर. रकाने: वेळ, रंग, वास, काटा-चाचणी, शेरा. सर्वांत खाली 'दोष मान्य' आणि सहीची ओळ. ती ओळ ज्याच्या हातून माल बिघडला त्याच्यासाठी. तिथे मी शेकडो लोकांच्या सह्या घेतल्या. माझी स्वतःची एकदाही नाही. लझान्याच्या फॉर्मवर ती ओळ लागणारच नव्हती, पण फॉर्म अपुरा बरा दिसत नाही.
पॅकिंगच्या सुपरवायझरला दाखवला. आम्ही त्याला शंकासुर म्हणतो. त्याने विचारलं, एकदा ट्रायल का घेत नाही? मी म्हटलं, ज्यांच्याकडे पद्धत नसते ते ट्रायल घेतात.

७ मार्च, शुक्रवार
बायकोही ट्रायल म्हणाली. घेतो आहे. स्वतःच्या मर्जीने.

९ मार्च, रविवार. संध्याकाळी
ट्रायल. सकाळी सात वाजता कुकर चालू केला. सात दहाला कंपनीतून फोन. मशीन नंबर चारची झाकणं फिरतच नव्हती. जावं लागलं. दुपारी दीडला परत आलो.
लझान्या तयार. वर सोनेरी, आत मऊ, सुरीने चौकोनी तुकडा अलगद निघाला. बायकोने दोनदा घेतला. मी विचारलं, मध्ये बघितलं होतंस का? म्हणाली, मी कशाला हात लावू, मी पुस्तक वाचत होते.
निष्कर्ष: माझ्या गैरहजेरीत हा दर्जा. मी समोर असलो तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी.

१२ मार्च, बुधवार
शंकासुरला यशाची बातमी दिली. त्याने विचारलं, मुलगी आली की तिला काय म्हणणार? मी म्हटलं, जेवायला बस. त्याने विचारलं, आणि नंतर? हा माणूस पॅकिंगमध्येच का राहिला ते कळतं.

१५ मार्च, शनिवार
सामान आणलं. चीज दुप्पट. फॉर्मच्या चार कॉप्या. बायको म्हणाली, मागच्या रविवारसारखं ठेवा आणि बाहेर कुठेतरी जाऊन या. मी समजावलं की मागच्या रविवारी झालं ते देखरेखीविना झालेलं उत्पादन होतं, त्यात नशिबाचा भाग असतो. उद्या नशिबावर काही सोडायचं नाही.
काय बोलायचं त्याचाही सराव केला, आरशासमोर. पहिलं वाक्य: 'कशी आहेस?' दुसरं अजून सुचलेलं नाही.

१६ मार्च, रविवार
७.००. चालू. थर एकदम सरळ. पट्टी लावून बघितले.
७.१५. झाकण उघडून पहिली तपासणी. रंग ठीक. दर पंधरा मिनिटांनी एक, असं वेळापत्रक.
८.३०. सहा तपासण्या झाल्या. वाफ खूप येते. येऊ दे. चष्मा पुसायला फडकं जवळ ठेवलं आहे.
९.४५. काटा आत जात नाही. 'टक' असा आवाज. लवकर आहे अजून.
१०.३०. चौदावी. टक. कुकर हाय वर केला. आता दर दहा मिनिटांनी बघतो. बायको दारातून म्हणाली, अति तेथे माती. तिला पद्धतशीर काम बघायची सवय नाही.
११.२०. कडेने अर्धा कप पाणी सोडलं.
११.५०. आणखी एक कप.
१२.१०. मशीनमध्ये दोष आहे. कंपनीने भेट म्हणून कसला माल दिला, यावर एक पत्र लिहायला हवं. बायको 'नाचता येईना' एवढंच म्हणाली आणि टेबल पुसायला गेली.
१२.४०. सत्ताविसावी. वरची शीट कडक, खाली पाणी. अजून वीस मिनिटं आहेत. वीस मिनिटांत पुष्कळ काही होऊ शकतं.

१६ मार्च, संध्याकाळी ५.००
सविस्तर लिहितो.
ती एकला आली. बारीक झाली आहे. केस कापलेत. मी 'कशी आहेस'ऐवजी 'पार्किंग मिळालं का' म्हणालो. ती चालत आली होती.
लझान्या वाढला. पळीने वाढावा लागला. वरचा थर ताटात पोस्टकार्डासारखा पडला आणि भोवती लाल पाणी पसरलं. बायकोने मान खाली घातली. मुलीने दोन घास खाल्ले, नीट चावून. मग मला विचारलं, झाकण किती वेळा उघडलं?
मला बरं वाटलं. शेवटी कुणीतरी योग्य प्रश्न विचारला. मी फॉर्म आणून दिला. तिने तो वरपासून वाचला, सगळे रकाने, सत्तावीस ओळी. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. हात पुढे केला, आणि कळलं की ती हसते आहे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिला असं हसताना मी कधी पाहिलं होतं ते आठवेना.
मग तिने समजावलं. झाकण उघडलं की आतली उष्णता जाते, ती परत यायला वीसेक मिनिटं लागतात. सत्तावीस वेळा म्हणजे नऊ तास गेले. म्हणाली, बाबा, या हिशोबाने हे अजून चढवलेलंच नाहीये.
'बाबा' म्हणाली. 'ते' नाही.
तिने आईचा एप्रन बांधला. सगळं एका पसरट पॅनमध्ये काढलं, शीटचे तुकडे केले, जास्तीचं पाणी आटवलं, वर चीज पसरून झाकण ठेवलं. मला खुर्ची दाखवली आणि बजावलं की दहा मिनिटं हात लावायचा नाही. मी हात मांड्यांखाली दाबून बसलो. दहा मिनिटं फार मोठी असतात.
त्या दहा मिनिटांत मी तिला बघत होतो. प्रत्येक गोष्ट वापरली की लगेच जागेवर. ओटा पुसलेला. सुरी धुऊन, कोरडी करून. सव्वीस वर्षांत माझ्या खात्यात मला असा एकही माणूस मिळाला नाही. अभिमान वाटला. तोंडाने बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.
तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. जुना. विचारलं. म्हणाली, पहिल्याच आठवड्यात, ओव्हनचं दार लागलं होतं. म्हणजे सात महिने झाले. हे मला कुणीच सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.
मी म्हणालो, तेव्हा मी ते कांद्यांचं जे बोललो. पुढे वाक्य सापडलं नाही. ती थांबली होती, माझ्याकडे बघत. मग पॅन उतरवायची वेळ झाली.
छान झालं होतं. तिघांनी पॅन पुसून खाल्लं.

१६ मार्च, संध्याकाळी ६.३०
ती गेल्यावर टेबलावर फॉर्म सापडला. शेऱ्याच्या रकान्यात तिचं अक्षर. 'माल नामंजूर. कारण: तपासनीस. दुरुस्ती शक्य. फेरतपासणी दर रविवारी, दुपारी एक.' खाली तिची सही.
फॉर्ममध्ये एक ओळ रिकामी राहिली होती. अपुरा फॉर्म मी कधी फाइलला लावला नाही.
'दोष मान्य'समोर सही केली. पेन नीट उमटत नव्हतं, दोनदा गिरवावी लागली.