आता तुम्ही सांगा

रविवार, ११ फेब्रुवारी
दुपार, कारखान्याला सुट्टी

प्रिय ताई,

भावोजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी तो घेतला नाही तर तुझ्याजवळच ठेवून दे, राग उतरला की दे. गोटीचा पापा घे. तिच्या अंगात तो स्वेटर येतो का, ते कळव. दुकानदार म्हणाला होता की सहा महिन्यांच्या बाळाला बसेल, पण आपल्या गोटीचे गाल बघता मला गळ्यापाशी शंका आहे.

काल तू फोनवर बोललीस आणि मी मध्येच बंद केला. तुला वाटलं असेल, तुम्ही ज्याला 'तवा' म्हणता तो पुन्हा तापला. तापला नव्हता. मला बोलता येईना, एवढंच. मी लहानपणी रागाने थरथरायला लागलो की तू पाटी पुढे सरकवून म्हणायचीस, "बोलू नकोस, लिहून दे." मी 'तू वाईट आहेस' एवढं लिहीपर्यंत राग अर्धा व्हायचा. म्हणून आज लिहून देतो.

तर, भावोजींचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. मी स्टँडवर भर गर्दीत त्यांची बॅग उपसली. दाढीचं सामान, ऑफिसची फाइल, आणि त्यांची ती पट्ट्यापट्ट्यांची चड्डी सगळ्या जगाने पाहिली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, घरचंच भांडण आहे ना, मग घरीच करा की." मी गोटीच्या स्वेटरमधून एक वस्तू काढून घेतली आणि एक शब्द न बोलता चालता झालो. भावोजींनी तुला असंच सांगितलं असणार: "तुझा भाऊ दिलेलं परत घेतो."

स्वेटरच्या बाहीत तुला एक चिठ्ठीही सापडली असेल. 'झोपताना दोन घोट.' कशाचे, ते तुला कळलं नसेल. ती चिठ्ठी आधी फाडून टाक. मग पुढचं वाच.

तुला माहीत आहे, कॉलेज सोडल्यापासून मी बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनवर आहे. कागदांचे गठ्ठे सारखे करून पात्याखाली सरकवायचे आणि दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची. दोन बटणं अशासाठी, की दाबताना एकही हात पात्याखाली राहू नये. गंमत बघ, आम्ही जास्त करून कॉलेजच्या वह्याच कापतो. मास्तर, म्हणजे आमच्या कारखान्याचे मुख्य, मला म्हणतात, "वहीत लिहायचं सोडलंस आणि वही कापायला आलास. नातं काही तोडलं नाहीस."

कागदाच्या धुळीने मला खोकला धरला. हसलो की खोकला, बोललो की खोकला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि एक औषध लिहून दिलं. म्हणाले, "हे साधं सिरप नाही, जपून घे. थोडेच दिवस."

ते घ्यायला मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो, आणि तिथे ती होती.

आता तू हसणार. हस. कारखान्यात सगळे तिला 'पावती' म्हणतात, कारण पावतीशिवाय ती कुणाच्या हातात साधी पट्टीसुद्धा देत नाही. तिची आणखी एक पद्धत आहे. औषध कसं घ्यायचं ते ती सांगते, पण बाटली सोडत नाही. बाटलीवर हात ठेवते, चष्म्यावरून बघते आणि म्हणते, "आता तुम्ही सांगा." मग गिऱ्हाइकाने सगळं उलट म्हणून दाखवायचं. म्हातारे कंटाळतात, घाईवाले चिडतात. ती हलत नाही.

मला म्हणाली, "यात अफूच्या कुळातलं औषध आहे. या झाकणाच्या मापानेच घ्यायचं. झोप येईल, म्हणून घेतल्यावर गाडी नाही, मशीन नाही. दारू नाही, झोपेची गोळी नाही. खोकला थांबला की औषध थांबवायचं. उरलं तर कुणाला द्यायचं नाही, इथे आणून द्यायचं. आता तुम्ही सांगा."

मी घडाघडा म्हणून दाखवलं. शाळेत कविता अशी पाठ केली असती तर बाई रडल्या असत्या. ती हसली. ताई, तिचा एक दात किंचित पुढे आहे आणि हसताना ती तो ओठाने झाकते. त्या दिवशी झाकायचं विसरली.

तेवढ्यावर मी गेलो कामातून.

खोकला लवकरच थांबला. मग तिच्याकडे जायचं कशाला? साबण घेतला, कापूस घेतला. पण साबणावर 'आता तुम्ही सांगा' कोण म्हणणार? मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांसमोर मुद्दाम खोकलो आणि नवीन चिठ्ठी आणली. तिने चिठ्ठी उलटसुलट केली, शिक्का मारला आणि विचारलं, "अजून आहे खोकला?" मी म्हणालो, "जातच नाही." खोटं बोलताना माणूस किती छान खोकतो, हे मला तेव्हा कळलं.

ताई, एवढं तुला मी फोनवरही सांगितलं असतं. तू 'वेडा आहेस' म्हणाली असतीस आणि विषय संपला असता. यापुढचं लिहायचं म्हणून मी मघापासून दोनदा पाणी पिऊन आलो.

बाटली आणली ती मी ठेवून दिली नाही. घेत गेलो. आधी झाकणाने, रात्री. मग वाटलं, झाकण कशाला धुवायचं. घेतलं की कसं वाटायचं, सांगू? बाबांनी घरी येऊ नकोस म्हटलं ते लांब जायचं. कॉलेजात सरांच्या अंगावर धावून गेलो ते लांब जायचं. आतला तवा कुणीतरी हळूच गॅसवरून उतरवून ठेवल्यासारखं. मग मी पडून तिचा विचार करायचो आणि मला वाटायचं, हेच ते प्रेम.

सगळ्यांनाही तेच वाटत होतं. मला भूक लागेना, तर शिलाई टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, "लागली नजर पावतीची." मी उभ्या उभ्या पेंगायला लागलो, तर मास्तर म्हणाले, "आला जावईबापू स्वप्नातून." अंगाला खाज सुटायची, पोट तर चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. या भानगडी कुठल्या प्रेमात असतात, असं एकदा तरी मनात यायला हवं होतं. नाही आलं. खोलीतल्या जोडीदाराने बाटली पाहून विचारलं तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो आणि लेबल नखाने खरवडून काढलं. तरीसुद्धा नाही आलं.

एके दिवशी वह्यांचा अख्खा गठ्ठा मी तिरका कापला. मास्तरांनी तो हातात धरला, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच विनोद केला नाही. "ती दोन बटणं नसती ना," एवढंच म्हणाले.

आणि मग तुझा फोन आला. तू बोलण्यापेक्षा खोकतच जास्त होतीस. म्हणालीस, "माझ्या खोकल्याने गोटी दचकून उठते रे. तुझं ते औषध चांगलं होतं ना, तुझे भावोजी येतायत तिकडे, त्यांच्याबरोबर दे."

खरं सांगतो, बाटली देणं माझ्या जिवावर आलं होतं. पण तू मागितलीस म्हणून दिली. अर्धी उरली होती. स्वेटरमध्ये गुंडाळताना माझे डोळे भरून आले, की बघा, मी ताईसाठी काय काढून देतोय. बाटलीवर लेबल नव्हतं, म्हणून ती चिठ्ठी. भावोजींना पिशवी दिली, ते त्यांच्या कामाला गेले, आणि मी तडक दुकानात. कशाला, ते आता तुझ्या लक्षात आलंच असेल. मला दुसरी हवी होती.

ती म्हणाली, "चिठ्ठी कुठाय?"

"मागचीच आहे ना तुमच्याकडे."

"तिच्यावरचं औषध दिलं. संपलं."

"तुम्हाला काय वाटतं, मी नशापाणी करतो?" माझा आवाज चढला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

ती शांतपणे म्हणाली, "मला काय वाटतं ते राहू द्या. आधीच्या बाटलीचं काय झालं?"

मला वाटलं, आता हिला असं उत्तर देतो की हीच वरमेल. मी म्हणालो, "बहिणीला पाठवली. खोकून खोकून बेजार झाली आहे बिचारी. घरात तान्हं बाळ, त्याला झोप नाही."

तिने हातातली कात्री खाली ठेवली.

"बाळ अंगावर पितं?"

"हो."

"ताईंना किती घ्यायला सांगितलंत?"

"दोन घोट."

"घोट?" असं म्हणून तिने माझ्याकडे नीट पाहिलं. त्या एका शब्दात तिला माझं सगळं कळलं. पण तिने ते बाजूला ठेवलं. म्हणाली, "ते औषध दुधात उतरतं. बाळाला पोचतं. मग बाळ रडत नाही, दूध मागत नाही, गाढ झोपतं. इतकं गाढ, की श्वास घ्यायचा राहून जातो. बाटली आत्ता कुठे आहे?"

मी म्हणालो, "भावोजींच्या बॅगेत. सहाची बस आहे."

मी भावोजींना फोन लावला, तुला लावला. त्यांचा बंद, तुझा उचलला जाईना. तोवर ती काउंटरची फळी उचलून बाहेर आली होती. आत बसलेल्या मालकांना म्हणाली, "काका, गल्ल्यावर या," आणि तिने स्कूटर काढली. मी म्हणालो, "मी चालवतो." ती म्हणाली, "आज घेतलंय का?" मी किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "मग मागे बसा."

ताई, तिच्या स्कूटरवर मागे बसायचं स्वप्न मी किती वेळा पाहिलं होतं, ते तुला काय सांगू. बसलो, आणि रस्ताभर डोळ्यांपुढे फक्त गोटी. ती झोपली आहे आणि तू खोकतेस आणि ती दचकत नाही, असं. सिग्नलला स्कूटर थांबली की मी रडत होतो. तिने आरशात पाहिलं असणार.

पुढचं स्टँडवरचं तुला ठाऊक आहे. नाही, सगळं ठाऊक नाही.

बस गेली. बाटली माझ्या मुठीत. ती समोर उभी. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या."

माझी मूठ उघडेना.

मी तुझी शपथ घेऊन लिहितो, मला द्यायची होती. गोटीवरचं संकट नुकतं टळलं होतं, आणि ज्या मुलीसाठी मी जीव टाकतो ती समोर हात पसरून उभी होती. आणि माझ्या डोक्यात एकच विचार चालू होता, की अजून अर्धी आहे, आजच्या रात्रीपुरती तरी ठेवू. मला माझीच भीती वाटली. आजवर मी एवढी भांडणं केली, भीती कधी वाटली नव्हती.

तिने हिसकावली नाही. ओरडलीही नाही. स्टँडच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "थांबते मी." बसगाड्या येत-जात राहिल्या. शेवटी मी बाटली तिच्या शेजारी ठेवली. हातात द्यायला जमलं नाही, नुसती बाकावर ठेवली. ती म्हणाली, "उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचं आणि सगळं खरं सांगायचं. एकदम आपल्या मनाने काही करायचं नाही, ते ठरवतील. आता तुम्ही सांगा."

मी सांगितलं. या वेळी घडाघडा नाही आलं.

गेलो होतो. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले नाहीत. म्हणाले, "औषध चांगलंच आहे रे, तू त्याच्याशी खोटं बोललास." आता ते सांगतील तसं औषधाचं माप थोडं थोडं उतरवतोय, रोज त्यांच्याकडे तोंड दाखवून. नाक गळतं, झोप येत नाही, जांभया देऊन जबडा दुखतो, आणि चिडचिड तर तुला माहीतच आहे, आता तिला चांगलं कारण आहे. मास्तरांना मीच सांगितलं. त्यांनी मला मशीनवरून काढून मावश्यांच्या टेबलावर बसवलं. खळ लावतो. मावशी म्हणतात, "आता कसा माणसात आलास, ऐकून तरी घेतोस." पगारही तोच ठेवलाय, हे बाबांना सांगू नकोस. बाकीचं सांगितलंस तरी चालेल. नाही, थांब. बाकीचं मीच लिहीन.

तिच्याबद्दल विचारशील. काल दुकानासमोरून जात होतो, तिने आतून हाक मारली. म्हणाली, "खोकला नसताना येत जा." एवढंच. मी यावर घर बांधत नाही. पण दाढी केली आहे.

आता तुझं. तू औषध मागितलंस यात तुझा काही दोष नाही, जागरणाने माणूस काहीही मागतो. पण उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. आत गेल्या गेल्या, खोकला सांगायच्याही आधी, पहिलं वाक्य हे म्हणायचं: "मी बाळाला अंगावर पाजते." मग बाकीचं. शेजारीण देईल ते औषध घ्यायचं नाही, भावोजींच्या कपाटातलं जुनं घ्यायचं नाही, माझ्यासारख्या शहाण्या भावाने पाठवलेलं तर मुळीच नाही. घरात कुठलीही बाटली असो, गोटी रांगायला लागायच्या आत वरच्या फळीवर, कुलपात. आणि एखाद्या रात्री गोटी फारच शहाण्यासारखी झोपली, तर खूश होऊ नकोस, उठवून बघ. मी त्या रात्रीपासून इथे अंथरुणात पडून हाच विचार करतो.

पत्र मिळालं की उत्तर लिही. खुशाली नको, माझ्यावरचा राग नको, तो पुढच्या पत्रात. वर लिहिलेलं सगळं, तुझ्या अक्षरात, उलट लिहून पाठव. ते हातात येईपर्यंत तिच्यासारखाच माझाही हात बाटलीवर आहे, असं समज.

आता तू सांग.

तुझा,
जांभया देत, पण जागा असलेला
तवा