सोळा एमसीबींचा बोर्ड

३ मार्च, सकाळ.
ही भावाकडे गेली त्याला महिना होऊन गेला. जाताना चार दिवसांसाठी म्हणाली होती. कारण मला पक्कं ठाऊक आहे : पॅसेजमधला जुना एमसीबी बोर्ड, लोड वाढला की खटका पाडणारा. हिचा केकचा ओव्हन आणि माझा एसी एकत्र लागले की घरभर अंधार. दर वेळी मी शांतपणे सांगायचो, आधी तुझा ओव्हन बंद कर. दर वेळी केक बसायचा. असल्या वायरिंगवर कुणाचा संसार टिकेल?
संकल्प : नवा बोर्ड.

५ मार्च.
इलेक्ट्रिशियन आला. घरात माणसं किती, म्हणाला. दोन, मी ठणकावून. त्याने दाराशी माझ्या एकट्याच्या चपलांकडे पाहिलं. आठ एमसीबींचा बोर्ड रग्गड होईल म्हणे. मी सोळाचा सांगितला. वर शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी. सेफ्टीत तडजोड नाही.

८ मार्च.
फोन करून हिला विचारलं, बोर्डाचं झाकण पांढरं की काळं? तुला आवडेल ते घे, म्हणाली. पूर्वी पडद्यांच्या रंगावरून आठवडाभर वाद घालायची. स्वभाव किती निवळला! शुभशकुन.

१४ मार्च.
बोर्ड बसला. पांढरा. ओव्हनला स्वतंत्र लाइन, त्या एमसीबीखाली माझ्या अक्षरात पट्टी : 'केक'. ओव्हन, एसी, गीझर, सगळं एकदम लावलं. दिवा मिणमिणलासुद्धा नाही. रिकामा ओव्हन तापत होता आणि एसी चालू असूनही माझ्या डोळ्यांतून घाम येत होता.
हिला फोटो पाठवला. रविवारी येते म्हणाली. जिंकलो.

१६ मार्च, रविवार, सकाळ.
दाढी. अभ्रे बदलले. कपाटात हिचा कप्पा रिकामा केला, माझे शर्ट तिथे कधी घुसले कोण जाणे.

संध्याकाळ.
आली. मेहुणाही आला, टेम्पो घेऊन. ओव्हन न्यायला.
बोर्ड छान झालाय, म्हणाली. मग प्लग काढण्याआधी तिने सवयीने 'केक'चा खटका खाली ओढला. मी म्हटलं, अगं, आता तुला बंद करावा लागणार नाही, सगळं एकत्र चालतं. तिचे डोळे भरून आले. हे आधी करायचं होतंस रे, म्हणाली. मेहुण्याने एका बाजूने ओव्हन उचलला, दुसऱ्या बाजूने मीच हात लावला.
टेम्पो गेल्यावर तो खटका पुन्हा वर केला. राहिला वर. त्याच्यावर आता काहीच चालत नाही.