रंगीत तालमीत सापडलेली माय

अर्जुनी मोरगाव

आदरणीय जिजाजी,

उमेंद्रचा पाया पडून नमस्कार. तुमची आणि मुलांची तब्येत चांगली असेल. नीतूताईला सांगा, इकडे सगळं ठीक आहे. (ठीक नाही, पण तिला तसंच सांगा.)

सोमवारी मायला धाप लागली. एक वाक्य पुरं बोलता येईना, आणि आपली माय गप्प झाली म्हणजे घरात भीतीच शिरते. गाडी करून गोंदियाला दवाखान्यात नेलं. इमर्जन्सीत पाय ठेवायला जागा नाही; एका खाटेवर दोन-दोन पेशंट, बाकीचे व्हरांड्यात सतरंजीवर (सतरंजीवाले स्वतःला नशीबवान समजत होते). पलीकडे मात्र दोरी बांधलेला रिकामा वॉर्ड, पांढऱ्याशुभ्र चादरी. पुढे साथ आली तर काय करायचं, याची त्या दिवशी रंगीत तालीम होती. मी मायला दोरीजवळच्या बाकावर टेकवतो न टेकवतो, तोच डोक्यापासून पायापर्यंत झाकलेले चौघे धावत आले आणि तिला उचलून आत घेऊन गेले. लगेच ऑक्सिजन. मी हात जोडून उभा. तपासणीला आलेले साहेब खूश होऊन म्हणाले, "आजीबाई, ॲक्टिंग जरा कम करा, खरंच वाटून राहिलं."

तेवढ्यात श्यामलाल नावाचा वॉर्डबॉय चहा पिऊन आला. म्हणाला, "साहेब, तालमीतला पेशंट त मी होतो. या बाईले काऊन झोपवलं?"

जिजाजी, आता मायची नळी काढतात, असंच वाटलं. डॉक्टरीणबाईंनी मायच्या बोटाला मशीन लावलं, आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "या खऱ्या आहेत. नळीला कोणी हात लावू नका," म्हणाल्या, आणि दोरी सोडून व्हरांड्यातलेही पेशंट आत घ्यायला लागल्या. साहेबांनी विचारलं, "मॅडम, उद्या साथ आली तर बेड कुठून आणायचे?" बाई म्हणाल्या, "तेच वर कळवा, साहेब. पण आज यांनी कुठे जायचं?" थोड्या वेळाने साहेबही एका म्हाताऱ्याची सलाईन धरून उभे दिसले.

निमोनिया होता. माय वाचली, घरी आली. तरी ती जरा गप्प बसली की मी जाऊन श्वास पाहून येतो. (ती मला हाकलते. तेवढ्यानेच बरं वाटतं.)

तुमचा,
उमेंद्र

ता.क. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर मोठ्या दवाखान्याजवळ ठेवा. नागपूरला तुमच्या घरामागेच दवाखाना आहे. लेकीच्या घरी राहायचं नाही हा मायचा हट्ट तुम्हाला ठाऊकच आहे. तरी सावकाश विचार करून कळवा.

पुन्हा ता.क. फार सावकाश नको. पत्र आणणाऱ्या भुपेंद्रच्या गाडीत मागच्या सीटवर माय बसली आहे. तुम्ही अंथरुणाला खिळले आहात, असं सांगितलं तेव्हा कुठे निघाली. दार ताईला उघडू द्या, तुम्ही आधी झोपून घ्या.